वडप्याला सोडलेली कुत्री

आमच्या घरात कुत्री आली ती बाबांच्या डब्याच्या पिशवीतून. आईने नेहमीप्रमाणे पिशवी मोरीत उलटी केली, तर आधी डबा खणकन आपटला आणि त्याच्यावर कोऱ्या कापडात गुंडाळलेलं एक पिल्लू पडलं. आई ओरडून मागे सरली. पिल्लू मात्र दचकलंसुद्धा नाही. डब्याच्या झाकणाला लागलेली डाळ चाटत बसलं.

"ह्ये काय आनलंत?" आईने विचारलं.

"उद्या परत नेतो," बाबा म्हणाले.

नेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीने तोवर त्याच्यासाठी पोतं अंथरलं होतं.

मी मुळात बोलणारा माणूस नाही. घरात काही झालं तर मी गप्प बसतो आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. या कुत्रीबद्दल मी बायकोला, बहिणीला, कुणालाच खरं सांगितलेलं नाही. बाबा आता नाहीत. माझं वय पन्नाशीच्या पुढे गेलं. आता गप्प बसण्यात कुणाचंच भलं उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. भिवंडीत नारपोलीला आम्ही एका चाळीत राहायचो. गावची भातशेती काकांकडे सोडून बाबा कापड विणायच्या लूमवर लागले होते, आणि अकरावीनंतर मीही. चाळ आणि कारखाना यांची भिंत एकच. दोन्ही शिफ्टमध्ये लूम चालायचे, त्यामुळे आमची जमीन कायम थरथरत असायची. फळीवरचे पेले चालत चालत कडेला यायचे. आईने फळीला पुढून पट्टी ठोकून घेतली होती. बोललेलं ऐकू जायचं नाही म्हणून आम्ही घरातसुद्धा हातांनीच बोलायचो. पाणी, जेवण, कोण आलंय, कुठे चाललास, सगळ्याला खुणा. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, यांच्यात काहीतरी भांडण चाललंय.

पिल्लाची हकीकत बाबांनी पुढे तुकड्यातुकड्याने सांगितली. कारखान्यात कचऱ्याच्या सुताच्या गोण्या ठेवायचे, त्यांच्यामागे एक कुत्री व्याली होती. तिने नगरपालिकेने टाकलेलं विष खाल्लं. मग कारखान्याच्या शेटने पिल्लं गोणीत भरून नाल्यात टाकायला सांगितली. एक तेवढं सरपटत बाबांच्या लूमखाली गेलं होतं. चालू लूमखाली हात घालायला कुणी तयार होईना. बाबांनी लूम बंद केला. हे मला बाबांच्या लूमशेजारी काम करणाऱ्या चाचांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "तेरा बाप बुखार में भी लूम बंद नहीं करता था."

कुत्री मोठी झाली. पिवळसर, पाय पांढरे, एक कान मोडलेला. बहिणीने तिला बरीच नावं देऊन पाहिली, एकही टिकलं नाही. नावाने हाक मारायची वेळच यायची नाही. हात केला की ती यायची. बोट खाली केलं की बसायची. चाळीतल्या पोरांनी इतकी हुशार कुत्री पाहिली नव्हती. चाचा म्हणायचे, "ये तो तेरे से जल्दी काम सीख जाती. इसको लूम पे खड़ा कर, तू घर बैठ."

ती सगळ्यात जास्त बाबांची होती. कारखान्यात एक खूण होती. तहान लागली, बाहेर जायचं झालं, तर शेजारच्या कारागिराकडे बघून तळहात हवेत दोनदा खाली थोपटायचा, मग दोन बोटं डोळ्यांकडे आणि आपल्या लूमकडे न्यायची. म्हणजे, बघ जरा, आलोच. खूण झाली की शेजारचा स्वतःचं काम सांभाळून तुमचा धागा तुटतोय का ते बघायचा. आणि तुम्ही परत यायचंच. एकमेकांचं तोंड न बघणारे कारागीर होते, मारामाऱ्या केलेले होते. पण ही खूण करून घरी निघून गेलेला माणूस मी कधी पाहिला नाही. बाबा ड्युटीला निघाले की कुत्रीला हीच खूण करायचे. ती उंबऱ्यावर हनुवटी टेकायची आणि ते परत येईपर्यंत तिथून हलायची नाही.

झोपायची मात्र मागच्या भिंतीला पोट लावून. लूमची थरथर तिथे सगळ्यात जास्त. बाबा ड्युटीवर असताना लाईट गेली आणि लूम थांबले की ती उंबऱ्यावर ताडकन उठून उभी राहायची, कारण आता बाबा हवा खायला बाहेर येणार हे तिला ठाऊक होतं. आम्ही म्हणायचो, हिचे कान बघा किती तिखट!

मग दिवाळी आली. गल्लीत पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. चाळीतली सगळी कुत्री कुठे कुठे जाऊन लपली होती. ही दारात झोपलेली. तिच्या अगदी मागे एक बॉम्ब फुटला. माझे स्वतःचे कान बधिर झाले. तिने डोळासुद्धा उघडला नाही.

"दादा, बघितलंस? आपली कुत्री कुण्णाला भीत नाही!" बहीण नाचत सगळ्यांना सांगत सुटली.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी तिच्या मागे गेलो आणि शिट्टी वाजवली. टाळी वाजवली. अगदी मोडक्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडलो. तिला काही नाही. पण पाय आपटला तेव्हा जमीन हलली असावी. वळली, आणि मला बघून शेपूट हलवायला लागली.

ती बहिरी होती. जन्मतःच होती, की डोळे उघडायच्या आधीपासून कारखान्यात राहिल्याने झाली, ते मला माहीत नाही. आमच्यासारख्या घरातच हे इतके दिवस लपू शकलं. दुसरीकडे कुठे असती तर आठ दिवसांत कळलं असतं.

मी हे घरात सांगितलं नाही, कारण घरात आणखी एक जण होता. बाबांचे कान जात चालले होते. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, पण कुणी तोंडातून काढत नव्हतं. आई त्यांच्याशी बोलताना आधी समोर जाऊन उभी राहायची, एवढंच. आणि नेमकं त्याच वेळी माझं लग्न जमत होतं.

शहापूरकडची मुलगी होती. तिच्याकडची माणसं तिला घेऊन आमच्याकडे आली तेव्हा बाबा मधोमध बसून सगळ्याला हसून मान डोलावत होते. मुलीचे मामा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "यजमान फार कमी बोलतात."

"ड्युटी करून आलंत ना, दमलंत," आई म्हणाली.

"नाही, विचारलं आपलं. आमच्या चुलतभावाच्या मुलीचं एक स्थळ असंच होतं. सासरा बहिरा. पुढे पोरं झाली तीही तशीच निघाली. रक्तात असलं की उतरतं."

"आमच्याकडं तसला काय न्हाय," आई म्हणाली. तिने चहा आणायला मला उठवलं.

त्यांना सांगायला हवं होतं की हे रक्तातलं नाही, लूमचं आहे. अर्ध्या नारपोलीचे कान असेच गेलेत. पण ऐकून कोण घेणार, आणि मुलगी मला आवडली होती. चहाचा कप घेताना तिने माझ्याकडे बघून एक भुवई वर केली होती, म्हणजे हे सगळं किती चाललंय बघा, असं. ती भुवई मी आठवडाभर आठवत होतो. ती आता शेजारच्या खोलीत भाजी निवडतेय. मी काय लिहितोय हे तिला माहीत नाही.

बोलणी पुढे सरकली. ते लोक पुन्हा येऊन शेवटचं ठरवणार होते. त्याच्या आदल्या आठवड्यात कुत्री चावली.

शेजारच्या वहिनींचा मुलगा, नुकता चालायला लागलेला. कुत्री उंबऱ्यावर झोपली होती. तो मागून आला आणि तिच्या अंगावरच पडला. ती झोपेतून दचकून उलटली आणि तिचे दात त्याच्या दंडात गेले. लगेच सोडलं तिने, बाजूला जाऊन बसली, आणि पोर रडतंय ते बघत राहिली. पण दात गेले होते, रक्त आलं होतं.

"पिसाळली! पिसाळली गो बाय!" वहिनींनी गल्ली डोक्यावर घेतली. चाळीचे मालक आले, माणसं जमली, कुणीतरी काठी आणली. बाबा नुकते ड्युटीवरून आले होते. ते कुत्रीच्या पुढे जाऊन उभे राहिले.

वहिनींचा नवरा पोराला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे पोटात घ्यायची इंजेक्शनं लिहून दिली. डॉक्टरने सांगितलं, रोज यायचं. पण कुत्रीला बांधून ठेवा, लक्ष ठेवा. दहा दिवस नीट राहिली तर ती पिसाळलेली नाही. मग पुढची इंजेक्शनं बंद करू.

बाबा मालकांना म्हणाले, "शेट, धा दिस मला द्या. मी बांधून ठेवतो. काय झाला तर मीच मारीन तिला."

मालक म्हणाले, "दहा दिवस. पण दारात नको, आत बांधा. आणि पुन्हा काही झालं तर कुत्रीही नाही, खोलीही नाही."

म्हणजे वाट होती. नुसती दहा दिवसांची. आणि मी एक वाक्य बोललो असतो तर तेवढेही लागले नसते. तिला ऐकू येत नाही, ती मागून आलेल्या पोराला घाबरली, एवढंच ते वाक्य. वहिनी काही वाईट नव्हत्या. समजल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा कुत्रीला बघायला आले. सोबत चाळीतली चार माणसं. कुत्री आत खाटेला बांधलेली, दाराकडे पाठ करून बसली होती. तिच्याशेजारी जमिनीवर बाबा, त्यांचीही पाठ दाराकडे. तिला भाकरी भरवत होते. चाचांनी कुत्रीला हाक मारली. मग दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

कुत्री वळली नाही. बाबाही वळले नाहीत.

"ये सुनती नहीं क्या?" चाचा म्हणाले आणि परत टाळी वाजवली. पुन्हा कुणीच हललं नाही.

"दोघं एकाच कारखान्यातले दिसतात!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वहिनींचा नवराही हसला. पोराला सुई टोचून आणलेला माणूस, पहिल्यांदा हसला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. सगळे हसत होते, ऐकायच्या तयारीत होते. मी बोललो नाही. मला एकच दिसत होतं. उद्या हीच गंमत चाळभर होणार, परवा ती कुणाच्या तरी तोंडून मामांच्या कानावर जाणार. बहिरी कुत्री आणि बहिरा म्हातारा, एकाच खोलीत. कुत्री इथे दहा दिवस राहिली तर लोक तिच्यामागे टाळ्या वाजवत राहणार, आणि प्रत्येक टाळीला बाबांकडे बघणार.

त्या आठवड्यात बाबांची दिवसपाळी होती, माझी रात्रपाळी. सकाळी मी कामावरून आलो तेव्हा बाबा निघून गेले होते, आई नळावर होती, बहीण शाळेत. मी दोरी कापली. दाताने तोडल्यासारखी दिसावी म्हणून तिचं टोक दगडाने चेचलं. हे सगळं मी किती शांतपणे केलं त्याचं आजही नवल वाटतं. ओळखीचा टेम्पोवाला माल घेऊन आग्रा रोडने चालला होता. त्याला म्हणालो, गावाकडे सोडायचीय.

टेम्पोत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. वडप्याच्या पुढे मी उतरलो. तेव्हा तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि एक चहाची टपरी, बाकी काही नाही. उतरल्यावर ती बावरली. पाय उचलून उचलून टाकत होती, पुन्हा पुन्हा जमिनीला नाक लावत होती. जन्मल्यापासून तिने न हलणारी जमीन फारशी पाहिलीच नव्हती. माझ्या पायांत पायांत येत होती. मला वाटलं, ही काही मला सोडणार नाही, परत घेऊन जावं लागणार. आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात भरलेले ट्रक लागोपाठ गेले. रस्त्याची कड थरथरली. ती थांबली. जमिनीकडे बघितलं. मग रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली जाऊन तिने अंगाचं वेटोळं केलं, पोट जमिनीला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. घरात झोपायच्या आधी बघायची तसं.

मी तळहात दोनदा खाली थोपटला. दोन बोटं डोळ्यांकडे नेली. बघ जरा, आलोच.

तिने हनुवटी टेकली.

मी चालू लागलो. दुसरी कुठली कुत्री असती तर पावलं ऐकून उठली असती. मला माहीत होतं की ही उठणार नाही. तिचा दोष चाळीत एकट्या मलाच ठाऊक होता असं मी समजत होतो, आणि त्याचा मी असा उपयोग केला.

घरी आलो तर आई चेचलेली दोरी हातात घेऊन उभी होती. "पळाली," मी म्हणालो. संध्याकाळी बाबांनाही तेच खुणेने सांगितलं. त्यांनी दोरीचं टोक हातात घेऊन बराच वेळ निरखलं. कारागिराचा हात, तुटलेला धागा आणि कापलेला धागा त्यांना स्पर्शाने कळायचा. चहा न घेता बाहेर पडले.

त्या दिवसापासून बाबा ड्युटी झाली की शोधायला जायचे. नाक्यानाक्यावर उभे राहायचे. हाका मारत नव्हते. हात उंच करून तिला बोलवायची खूण करायचे, जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत, आणि थोडं थांबून दुसऱ्या दिशेला तोंड करून तेच. येणारे-जाणारे त्यांना वेडा समजत असतील. एकदा मी ड्युटीवर जाताना त्यांना तसं पाहिलं आणि दुसऱ्या गल्लीने गेलो.

कुत्री पळाली म्हटल्यावर वहिनींनी कपाळावर हात मारला. आता कुणावर लक्ष ठेवणार? डॉक्टर म्हणाला, कुत्री हाताशी नाही तर धोका पत्करता येणार नाही, सगळी इंजेक्शनं पुरी करायची. रोज सकाळी मी कामावरून येऊन झोपायच्या वेळी त्या पोराला दवाखान्यात न्यायला निघाले की तो रडायचा. आधी नुसता रडायचा. नंतर नंतर बाप चप्पल घालताना दिसला की खाटेखाली जाऊन लपायचा आणि त्याला ओढून काढावं लागायचं. त्याच्या पोटावर गाठी आल्या होत्या. वहिनी तिथे गरम फडकं धरायच्या. आई त्यांना मदत करायला जायची, मला म्हणायची, "पोरा, जरा उचलून घे रे त्याला, तुझ्याकडं गप ऱ्हातो." मी उचलून घ्यायचो. तो खरंच गप्प राहायचा.

मामा येऊन गेले. लग्न ठरलं. त्या वेळी बाबांना ताप आलाय असं सांगून आईने त्यांना आत निजवून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, मी वडप्याला गेलो. काय करायला गेलो ते मला सांगता येत नाही. सापडली असती तर परत आणली असती का, तेही नाही. आंब्याखाली काही नव्हतं. मी टपरीवर चहा घेतला आणि टपरीवाल्याला विचारलं.

"पिवळी कुत्री ना? व्हती की," तो म्हणाला. "कुनीतरी टाकून गेला. दिसभर त्या झाडाखाली. भाकर टाकली तर खायची, न पुन्ना तिथंच जाऊन बसायची. कुनाच्या मागं गेली न्हाय. बरेच दिस व्हती."

"मग?"

"ट्रक जवळनं गेला का तिला बरा वाटायचा का काय कोन जाने. कडं-कडंनं सरकत सरकत पार डांबराला टेकून निजायची. मी दगड मारून हाकलायचो, पुन्ना तिथंच. परवा गाडीखाली आली. ड्रायव्हर किती हॉर्न मारतंय, ही आपली निजल्याली. हलंलच न्हाय." त्याने गाळणं कपावर झटकलं. "येडी व्हती."

"हो, वेडीच असणार," मी म्हणालो.

"तुमची व्हती?"

"नाही."

चहाचे पैसे देऊन मी चालत निघालो. एसटी मागून आली, मी हात केला नाही.

बायको घरात आली. तिने आल्यावर थोड्याच दिवसांत ओळखलं की सासऱ्यांना ऐकू येत नाही. एकदा मला म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणाले असते?" आणि जेवताना त्यांच्या समोर बसून हातांनी बोलायला शिकली. महिन्याभरात ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं बोलायला लागली. बाबा तिच्या खुणांना हसायचे. आपल्या घरात इतकं हसतात हे मला तेव्हा नवीन होतं. मला ते हसू सहन व्हायचं नाही. मी उठून बाहेर जायचो.

अशाच एका शुक्रवारी दुपारी बाबा आणि मी दोघंच घरात होतो. लूम बंद, जमीन शांत. बाबा भिंतीला टेकून बसले होते, कुत्री झोपायची त्या जागेवर. एकदम म्हणाले, "तिला ऐकाला येत नव्हता."

मी खुणेने विचारलं, कोणाला?

"मला म्हाईत व्हता," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, फार मोठ्याने बोलत होते. "पिशवीत घालून आनली तवापासून. मागून कुनी हात लावला का दचकायची. त्या दिवशी सांगायचा होता मला त्या लोकांना. पन तुझा लगीन जमत होता. म्हटला, तिचा सांगितला तर माझा निघंल. धा दिस कसंतरी काढू, मंग बघू." त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझ्यामुलं गेली ती. रस्त्यावर तिला गाडी कशी कलनार? गाडीखाली तर न्हाय ना आली?"

इतके दिवस त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मी तेव्हा खरं सांगू शकलो असतो. फक्त आम्ही दोघंच होतो, माझं लग्न झालेलं होतं, कसलीही भीती उरलेली नव्हती. मी मान हलवली. नाही. आणि हातांनी, तोंडाने, सगळ्याने सांगायला लागलो, की टेम्पोवाल्याने तिला पाहिलंय, काल्हेरला, खाडीच्या बाजूला, कुणा शेतकऱ्याने बांधून ठेवलीय, चांगली आहे. इतकं खोटं मी आयुष्यात एका दमात बोललो नव्हतो.

"काल्हेरला?" त्यांनी विचारलं.

पुढच्या शुक्रवारी ते काल्हेरला गेले. मला वाटलं होतं, ऐकतील आणि सोडून देतील. त्यानंतरच्या शुक्रवारीही गेले. खाडीच्या कडेने, वाडी-वाडीत, कुंपणाबाहेर उभं राहून बघायचे. उन्हातून चालत जायचे, अंधार पडायच्या आत यायचे. बायको त्यांच्या पिशवीत कुत्रीसाठी भाकरी बांधून द्यायची. "मामंजी, दिसली का?" ती खुणेने विचारायची. "न्हाय. मागल्या अंगनात बांधीत असतील," ते सांगायचे. बहीण म्हणायची, "मीपण येते, बाबा." एकदा तिलाही घेऊन गेले. तिच्या पायाला फोड आले.

मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचं तर सांगावं लागलं असतं. शुक्रवार आला की ते पायात चपला सरकवायचे आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो. कित्येक शुक्रवार असे गेले. त्यांचे पाय सुजायला लागले. एकदा बायको मला म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याला नक्की घर विचारा ना, असे किती दिवस फिरणार ते?" मी म्हणालो, तो आता या बाजूला येत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. बाबा तेव्हा मोरीपाशी पाय धूत होते. त्यांना ऐकू गेलं नाही, पण त्यांनी आमच्या दोघांची तोंडं पाहिली.

त्यानंतर एका शुक्रवारी ते जरा लवकर आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. बायको आमटी वाढत होती.

"दिसली," बाबा म्हणाले.

सगळ्यांचे हात थांबले. बहीण ओरडलीच. "कुठे?"

"हाय तिथंच, खाडीकडं. मोठा अंगन हाय. गाई हायेत. पोरं खेलतात तिच्यासंगती. अंगानं भरलीय." ते भाकरी मोडत होते. "मी कुंपनावरनं हाक मारली. वलून बघितलंन मला. शेपूट हालवलंन. पन आली न्हाय. तिथंच रमलीय ती. मी मंग काय आनली न्हाय."

हाक मारली आणि ती वळली, असं ते म्हणाले. तिला ऐकू येत नव्हतं हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. आमटीत भाकरी कुस्करत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ. बहीण आईला सांगत होती, मी म्हटलं नव्हतं का, ती हुशार आहे, चांगलंच घर शोधेल. बायको हसत होती.

"बरं झालं," मी म्हणालो. ते त्यांना ऐकू आलं नसणार. मी खूणही केली नाही.

त्यानंतर ते कधी काल्हेरला गेले नाहीत.